एकाच दुरुस्तीतली दोन वचने



आजचे व्याख्यान नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृतीला वाहिलेले आहे. भारतातल्या कामगार चळवळीची सुरुवात या माणसापासून होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार या त्यांच्या मागण्या होत्या. पाचवी मागणी आपण सहसा विसरतो. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी घरी असतो, त्यामागे ही माणसे आहेत.

९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे प्लेगने गेले. गिरणीतल्या कामाचे तास कमी व्हावेत म्हणून झगडलेला माणूस मुंबईच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतून पसरलेल्या साथीत गेला. गिरणीच्या आतली हवा आणि गिरणीबाहेरच्या चाळीतली हवा माणसाच्या एकाच छातीत जाते. आज मला जे सांगायचे आहे ते एवढ्याच सत्याचा विस्तार आहे.

विषय आहे औद्योगिक संबंध आणि पर्यावरण. त्यासाठी मी स्वीडनचा अनुभव घेतला आहे आणि तो पनवेल तालुक्यासमोर ठेवणार आहे. स्वीडन निवडण्याचे कारण सरळ आहे. कामगार-मालक संबंधांचा आणि पर्यावरणाचा, अशा दोन्ही प्रश्नांवर त्या देशाने गेल्या शंभर वर्षांत जगाला काही दाखवले. या दोन प्रश्नांची सांगड घालताना तो अडखळलाही. आपल्याला त्याचे यश आणि त्याचे अडखळणे दोन्ही उपयोगी आहे.

पाच जीव तिथे, पाच जीव इथे

स्वीडनमधली माणसे मुळातच समजूतदार, म्हणून तिथे सगळे शांततेत होते, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. १९२० च्या दशकात संप आणि टाळेबंदीने सर्वाधिक गाजलेल्या देशांत स्वीडन होता. १४ मे १९३१ रोजी उत्तर स्वीडनच्या ओडालेन खोऱ्यात संप फोडण्यासाठी बाहेरून माणसे आणली गेली. त्याविरुद्ध निघालेल्या मोर्चावर लष्कराने गोळीबार केला. पाच जण मारले गेले. त्यांत मोर्चात नसलेली, नुसती बघत उभी असलेली एक तरुणीही होती.

हा आकडा ऐकताना रायगडच्या माणसाला १६ आणि १७ जानेवारी १९८४ आठवल्याशिवाय राहत नाही. नवी मुंबईसाठी, बंदरासाठी ज्यांच्या जमिनी जात होत्या ते उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या रक्तातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला देण्याचे तत्त्व उभे राहिले. प्रकल्पासाठी जमीन देणारा माणूस त्या विकासातला भागीदार आहे, हे या देशात पहिल्यांदा इतक्या ठोसपणे मान्य झाले ते इथे.

ओडालेननंतर स्वीडनने काय केले? सात वर्षांनी, २० डिसेंबर १९३८ रोजी, स्टॉकहोमजवळच्या साल्टशेबाडेन या गावी कामगार संघटनांचा महासंघ आणि मालकांचा महासंघ यांनी एक मूलभूत करार केला. वाद झाला तर आधी बोलणी कशी करायची, संप आणि टाळेबंदीला कोणती शिस्त असेल, हे दोघांनी सरकारला मध्ये न घालता ठरवले. ती परंपरा आजही टिकून आहे. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही. सुमारे नव्वद टक्के नोकरदार सामूहिक करारांच्या छत्राखाली आहेत आणि वेतन तिथेच ठरते.

पण त्या करारात एक मोठी उणीव होती. वेतनावर बोलणी होणार होती. कारखाना कसा चालवायचा, काय वापरायचे, काय बाहेर सोडायचे, हा अधिकार मात्र पूर्णपणे मालकाकडे राहिला. ती उणीव तीस वर्षांनी खाणीतून बाहेर आली. ९ डिसेंबर १९६९ पासून किरुना आणि आसपासच्या लोखंडाच्या खाणींमध्ये सुमारे पाच हजार कामगारांनी संप केला. खाण सरकारच्या मालकीची होती, युनियनने करार केलेला होता आणि संप स्वतःच्या युनियनलाही न जुमानता झाला. तो ५७ दिवस चालला. आमच्या कामाबद्दल आम्हाला न विचारता सगळे ठरवले जाते, ही त्यामागची खदखद होती.

त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत स्वीडनने कायदेच बदलले. कामगार प्रतिनिधींना कंपनीच्या संचालक मंडळावर जागा मिळाली. आज किमान २५ कर्मचारी असलेल्या कंपनीत हा हक्क आहे. १९७४ पासून सुरक्षा प्रतिनिधीला धोकादायक काम जागच्या जागी थांबवण्याचा अधिकार मिळाला. १९७६ मध्ये सहनिर्णयाचा कायदा झाला. कारखान्यात महत्त्वाचा कोणताही बदल करण्यापूर्वी मालकाने युनियनशी बोलणी केलीच पाहिजेत, असे त्याने बंधन घातले. हा कायदा १ जानेवारी १९७७ रोजी लागू झाला. ही तारीख लक्षात ठेवा.

३ जानेवारी १९७७

आता आपल्या बाजूला येऊ. ५ ते १६ जून १९७२ या काळात स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली. ५ जूनचा पर्यावरण दिन तिथूनच आला. यजमान पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले तर तिथे उपस्थित राहिलेल्या एकमेव पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी. गरिबी दूर केल्याशिवाय पर्यावरण सुधारणार नाही, ही गरीब देशांची बाजू त्यांनी १४ जूनच्या भाषणात मांडली. परतल्यावर देशात पावले पडली. १९७४ मध्ये जलप्रदूषण नियंत्रणाचा कायदा आला, १९८१ मध्ये हवेचा. त्या दोन्हींच्या मध्ये, १९७६ साली, आणीबाणीच्या काळात ४२ वी घटनादुरुस्ती झाली.

ही दुरुस्ती अनेक कारणांसाठी बदनाम आहे आणि त्यातली कित्येक कारणे रास्त आहेत. पण तिच्यात दोन कलमे अशी आली, जी आजही राज्यघटनेत आहेत. कलम ४३-क सांगते की, उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, यासाठी राज्याने पावले उचलावीत. कलम ४८-क सांगते की, राज्याने पर्यावरणाचे रक्षण करावे, वने आणि वन्यजीव सांभाळावेत. दोन्ही कलमे ३ जानेवारी १९७७ रोजी लागू झाली. स्वीडनचा सहनिर्णयाचा कायदा लागू झाल्यानंतर दोनच दिवसांनी.

एकाच दुरुस्तीने देशाने दोन वचने दिली. त्यांचे पुढे काय झाले, यात आपल्या कासाडी नदीची आणि तळोज्याच्या कामगाराची कहाणी आहे.

पर्यावरणाच्या वचनाला न्यायालयांनी हात दिला. जगण्याच्या मूलभूत हक्कात स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हवा येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले. पुढे २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित लवाद उभा राहिला. हे सगळे चांगले झाले. कामगार सहभागाचे वचन मात्र कागदावरच राहिले. त्यासाठीचे विधेयक १९९० मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही.

एक वचन पाळायचे आणि दुसरे विसरायचे, याचा परिणाम गंभीर झाला. आपल्याकडे पर्यावरण कामगाराच्या दारात येते ते कारखाना बंद करण्याच्या नोटिशीच्या रूपाने. जुलै १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले १६८ घातक उद्योग बंद करण्याचा किंवा हलवण्याचा आदेश दिला. दिल्लीच्या हवेसाठी तो हवाच होता. कामगारांना भरपाई देण्याचे आदेशही झाले. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही त्याने भरपाई कुठून मागायची? जो निकाल त्याच्या चुलीवर लागणार होता, त्या खटल्यात त्याला कुणी ऐकलेच नव्हते.

अशा अनुभवानंतर कामगाराला पर्यावरणवादी माणूस शत्रू वाटू लागतो. गावकऱ्यांना कामगार हा मालकाचा माणूस वाटतो. मालकाला यापेक्षा सोयीची गोष्ट दुसरी नाही.

कासाडीच्या काठी

पनवेलला तीन नद्या मिळाल्या आहेत. गाढी माथेरानच्या डोंगरातून निघून देहरंगच्या धरणातून, नेऱ्यावरून, आपल्या सुकापूरच्या बाजूने पनवेलच्या खाडीकडे जाते. काळुंद्रे नदी दुसरी. कासाडी तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहते. तळोज्यात रसायने, औषधे, रंग, मासे प्रक्रिया, धातू अशा नाना तऱ्हेचे शेकडो कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्यासाठी सामुदायिक प्रक्रिया केंद्र आहे, त्याच्या कामावर वर्षानुवर्षे तक्रारी झाल्या, आणि कासाडीचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातली भटकी कुत्री निळी झाली. एका कारखान्याचा रंग त्यांच्या अंगावर बसला होता. ती छायाचित्रे जगभर गेली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. कुत्र्यांची दया येणे हे माणुसकीचे लक्षण आहे. पण रंगाच्या गोण्या रोज हाताने फोडणाऱ्या, ती भुकटी श्वासात घेणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसाबद्दल त्या गदारोळात विचारणारे फार थोडे होते. निळ्या कुत्र्याचे छायाचित्र निघते. कामगाराच्या छातीचे छायाचित्र काढायला क्ष-किरणाचे यंत्र लागते, आणि कंत्राटदार ते काढून घेत नाही.

या पट्ट्यातली घरे पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. एका घरात आजोबा खाडीत जाळे टाकणारे, वडील प्रकल्पग्रस्त, आणि नातू एमआयडीसीत ठेकेदाराकडे. नदी मेली तर आजोबांचे पोट जाते, कारखाना बंद झाला तर नातवाचे. कामगार विरुद्ध पर्यावरण हे भांडण या घराच्या मधोमध आणून ठेवले गेले आहे. ते मिटवायचे असेल तर नातवाच्या हातात काही अधिकार द्यावा लागेल, कारण रात्रपाळीला टाकीचा व्हॉल्व्ह कुणी, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून उघडला, हे पहिल्यांदा त्याला कळते. मंडळाचा अधिकारी नमुना घ्यायला येईपर्यंत पाणी वाहून गेलेले असते.

कामगाराला आधी कळते, हे मी आदरापोटी म्हणत नाही. त्याला इतिहासाचा पुरावा आहे आणि तो फार जड आहे. भोपाळच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एक कामगार मेला. १९८२ मध्ये तिथल्या युनियनने कारखान्यातल्या धोक्याबद्दल शहरात पोस्टर लावली. राजकुमार केसवानी या पत्रकाराने त्याच वर्षी इशारे छापले. कुणी ऐकले नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या वायुगळतीने काय केले ते आपण सगळे जाणतो.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात एक नवे प्रकरण घालण्यात आले. ते फार चांगले होते आणि फार थोड्यांनी वाचले. घातक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात सुरक्षा समिती असावी, तीत कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान असावेत. धोक्यांची माहिती कामगारांना द्यावी, स्थानिक स्वराज्य संस्थेला द्यावी, आणि आसपास राहणाऱ्या जनतेलाही द्यावी. म्हणजे तळोज्याच्या आसपासच्या गावकऱ्यांना ही माहिती मागण्याचा आधार कायद्याने दिला. तसेच, जिवाला तातडीचा धोका आहे असे वाटले तर तो व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला दिला.

इथे आपल्यातला आणि स्वीडनमधला फरक नेमका पाहू. आपला कामगार धोका सांगू शकतो. त्याने सांगितल्यावर निरीक्षक येईपर्यंत यंत्र चालूच राहू शकते. स्वीडनमध्ये पाच किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी सुरक्षा प्रतिनिधी असतो. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा आणि गंभीर धोका असेल आणि मालकाने लगेच उपाय केला नाही, तर तो प्रतिनिधी काम थांबवतो. सरकारी निरीक्षक निर्णय देईपर्यंत काम बंद राहते आणि त्या नुकसानीबद्दल त्याच्यावर दावा करता येत नाही. ज्या छोट्या कारखान्यांत युनियन लहान आहे, तिथे युनियनने नेमलेला प्रादेशिक सुरक्षा प्रतिनिधी बाहेरून येऊन तपासणी करू शकतो.

आपल्याकडे ठेकेदाराच्या कामगाराने तोंड उघडले तर काय होते? त्याला कुणी नोटीस देत नाही, चौकशी करत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास चालत नाही, एवढेच. जिथे गेटपास दुसऱ्याच्या हातात आहे, तिथे धोका सांगण्याचा हक्क कायद्याच्या पुस्तकातच राहतो. म्हणून कंत्राटी पद्धतीचा प्रश्न हा नदीचाही प्रश्न आहे.

स्वीडनची दुसरी बाजू

स्वीडनची स्तुती करून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. दक्षिण स्वीडनमधल्या टेकोमाटोर्प या गावी बीटी केमी नावाचा तणनाशकांचा कारखाना होता. १९७५ मध्ये त्याच्या आवारातून विषारी कचऱ्याने भरलेली, पुरून टाकलेली पिंपे उकरून काढण्यात आली. मोनिका निल्सन या तिथल्या बाईंनी गावकऱ्यांना एकत्र करून आवाज उठवला होता. १९७७ मध्ये कारखाना बंद झाला. ती जमीन स्वच्छ करण्याचे काम त्यानंतर कित्येक दशके चालले. साल्टशेबाडेनच्या करारावर वाढलेल्या देशात हे घडले.

आणखी एक उदाहरण. उत्तर स्वीडनच्या रॉनशेर इथल्या धातू गाळणाऱ्या कारखान्यातून १९८४-८५ मध्ये आर्सेनिकयुक्त सुमारे २०,००० टन गाळ दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, आरिका शहराजवळ पाठवला गेला. पुढे त्याच्या शेजारी गरिबांची घरे उभी राहिली आणि मुले त्या ढिगाऱ्यांवर खेळली. आपल्या अंगणातला कचरा संघटित कामगारांनी आणि कडक कायद्यांनी अडवला, तर तो दुसऱ्या गरिबाच्या अंगणात जातो. डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रसायन कारखान्यांत भीषण स्फोट झाले, तेव्हा कारखाने दूर हलवण्याची मागणी झाली. दूर म्हणजे कुणाजवळ, हा प्रश्न रायगडने विचारलाच पाहिजे.

अगदी अलीकडचे उदाहरण विजेवर चालणाऱ्या मोटारींचे आहे. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी टेस्ला कंपनीच्या स्वीडनमधल्या दुरुस्ती केंद्रांतल्या कामगारांनी संप सुरू केला. कंपनी हवा स्वच्छ ठेवणाऱ्या गाड्या बनवते, पण कामगारांशी सामूहिक करार करायला तयार नाही. गोदी कामगारांनी त्या गाड्या उतरवायला नकार दिला, टपाल कामगारांनी गाड्यांच्या नंबरप्लेट पोचवायला नकार दिला, वीजतंत्रींनी चार्जिंग केंद्रांचे काम थांबवले. दोन वर्षे उलटूनही तो संप मिटला नाही. हिरवा माल बनवणारा कारखाना आपोआप न्यायी होत नाही, हे यातून दिसते. उद्या पनवेल परिसरात सौरपट्ट्यांचे, बॅटऱ्यांचे कारखाने येतील तेव्हा हा धडा लक्षात असू द्या.

मग स्वीडनकडून घ्यायचे काय? तिथे पर्यावरणाचे प्रश्न संपले नाहीत. पण तिथे कामगार संघटना इतकी भक्कम आहे की बदलाची किंमत एकट्या कामगाराच्या माथी मारता येत नाही. म्हणून तिथल्या युनियनना नव्या तंत्राची भीती वाटत नाही. २०१६ पासून तिथे कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून पोलाद बनवण्याचा प्रकल्प चालू आहे आणि असे पहिले पोलाद २०२१ मध्ये ग्राहकाला मिळाले. जुनी भट्टी गेली तर आपले काय, या प्रश्नाला त्या कामगाराकडे उत्तर आहे. मालकांनी सामूहिक करारानुसार भरलेल्या, पगाराच्या ठरावीक टक्क्यांतून चालणारी संक्रमण मंडळे तिथे आहेत, पांढरपेशांसाठी १९७४ पासून आणि कारखान्यातल्या कामगारांसाठी २००४ पासून. नोकरी गेलेल्या माणसाला ती नवे शिक्षण, सल्ला आणि नव्या कामाचा शोध यांत साथ देतात. मार्च २०२५ मध्ये नॉर्थव्होल्ट ही बॅटरी बनवणारी मोठी कंपनी तिथे दिवाळखोरीत गेली. आघात मोठा होता, पण कामगाराला झेलायला व्यवस्था होती.

रसायनीचा प्रश्न

आपल्याकडे असा आघात झाला तेव्हा काय होते ते आपण रसायनीत पाहिले. हिंदुस्तान ऑर्गेनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली. देशाला लागणारी मूलभूत रसायने देशातच व्हावीत, हा तिचा हेतू होता. तिच्याभोवती वसाहत, शाळा, एक आख्खे गाव वाढले. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिचे रसायनीतले कारखाने बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणाच्या इंधनासाठी लागणारे रसायन बनवणारा विभाग इस्रोकडे गेला, मोठी जमीन एका सरकारी तेल कंपनीने घेतली. कामगारांना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम मिळाली. रक्कम मिळणे आणि पुढचे आयुष्य उभे राहणे यांत अंतर आहे. रसायनांची हाताळणी दशकानुदशके शिकलेली ती माणसे कुठे गेली, त्यांच्या हातातले ज्ञान कुणी सांभाळले, याचा विचार करणारे मंडळ आपल्याकडे नाही.

त्याच रसायनीत हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात मलेरियाच्या नियंत्रणासाठी डीडीटी बनत आले. डीडीटीचा आणि त्यासारख्या सहज विघटन न होणाऱ्या, न संपणाऱ्या विषांचा वापर आवरण्याचा जागतिक करार २००१ मध्ये स्टॉकहोमला झाला आणि भारताने त्याला २००६ मध्ये मान्यता दिली. करार योग्य आहे. आईच्या दुधात उतरणारे विष थांबलेच पाहिजे. पण रसायनीतल्या कामगाराचे भवितव्य ज्या करारावर अवलंबून आहे, त्या कराराची चर्चा त्याच्याशी त्याच्या भाषेत कधी झाली? जे उत्पादन पुढेमागे थांबायचेच आहे, त्याच्या जागी काय बनवायचे याचा आराखडा कामगारांना बरोबर घेऊन वीस वर्षे आधी करता येतो. स्टॉकहोमला विषाचा निर्णय झाला. कामगाराचा निर्णय रायगडमध्ये व्हायला हवा होता, आणि तो अजून बाकी आहे.

आपण काय करायचे

आता मी ठोस पाच गोष्टी मांडतो. त्यांतल्या बऱ्याचशा इथे, या तालुक्यात सुरू करता येतील.

पहिली. घातक प्रक्रिया असलेल्या प्रत्येक कारखान्यातली सुरक्षा समिती खरी असली पाहिजे. तिचे कामगार सदस्य व्यवस्थापनाने नेमलेले नकोत, कामगारांनी निवडलेले हवेत, आणि त्यांत कंत्राटी कामगार असलेच पाहिजेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या केंद्रीय व्याख्येतली कामगारसंख्या १० वरून २० झाली आहे. त्यामुळे लहान कारखाने नजरेआड जाण्याची भीती वाढली आहे. म्हणून औद्योगिक वसाहतीगणिक एक प्रादेशिक सुरक्षा प्रतिनिधी असावा, ही मागणी सगळ्या युनियननी मिळून करावी.

दुसरी. कामगाराने धोका दाखवून देण्याच्या हक्कात कुंपणाबाहेरचा धोका धरला जावा. नाल्यात बेकायदा सोडलेले पाणी, रात्री सोडलेला वायू यांची माहिती देणाऱ्या कामगाराचा गेटपास काढला तर तो सूड मानला जावा आणि ते तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असावी.

तिसरी. प्रदूषणाच्या कारणाने सरकारी आदेशावरून कारखाना थांबला, तर त्या काळातला पगार, कंत्राटी कामगारासह सर्वांना मिळाला पाहिजे. गुन्हा व्यवस्थापनाचा आणि उपास कामगाराच्या घरी, हे चालणार नाही. ही एक तरतूद झाली तर कामगार प्रदूषण लपवण्यात भागीदार राहणार नाही. त्याच्या आणि नदीच्या हितातली भिंत त्याच दिवशी पडेल.

चौथी. सामुदायिक सांडपाणी केंद्राच्या कारभारात कामगारांचा आणि नदीकाठच्या गावांचा प्रतिनिधी असावा. प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या रोजच्या तपासणीचे आकडे दारावरच्या फलकावर मराठीत लागावेत. ते कसे वाचायचे, हे शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञान शिक्षकांनी गावकऱ्यांना शिकवावे. सुकापुरात आज जी हजारो कुटुंबे नव्या इमारतींत राहायला आली आहेत, त्यांत इंजिनिअर आहेत, केमिस्ट आहेत, परिचारिका आहेत. त्यांनी या कामाला महिन्यातला एक रविवार द्यावा. लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या सुट्टीचा याहून चांगला उपयोग नाही. आणि हे करताना आपल्या इमारतींचे मैलापाणी गाढीत कुठे आणि कसे जाते, हेही त्याच फलकावर लिहावे. कारखान्याला जाब विचारणाऱ्याने स्वतःचा जाब आधी द्यावा.

पाचवी. रायगड जिल्ह्यासाठी एक संक्रमण मंडळ असावे. मालकांची वर्गणी, युनियनचा सहभाग, आयटीआयची साथ. कोणता उद्योग दहा वर्षांत बदलणार किंवा बंद होणार, तिथला कामगार पुढे काय करणार, याचा विचार त्याने आजच सुरू करावा.

युनियनच्या मित्रांना एक विनंती आहे. तुमच्या पुढच्या मागणीपत्रात पगारवाढ, बोनस, कॅन्टीन यांच्याबरोबर पाणी, हवा आणि रसायनांची माहिती यांच्याही मागण्या येऊ द्या. पर्यावरणासाठी झटणाऱ्या मित्रांनाही सांगतो. तुमच्या पुढच्या याचिकेत कामगाराला पक्षकार करा आणि त्याच्या पगाराची मागणी पहिल्या पानावर लिहा. तुम्ही दोघे एकमेकांच्या सभेला जायला लागाल, तेव्हा कासाडीचे पाणी स्वच्छ होण्याची खरी सुरुवात होईल.

४३-क आणि ४८-क ही कलमे पन्नास वर्षांपूर्वी एकाच कागदावर लिहिली गेली. न्यायालयात थेट दाद मागता येत नाही अशी ती मार्गदर्शक तत्त्वे आहेत, असे सांगून आपण ती बाजूला ठेवली. पण ज्या काळात ट्रेड युनियनचा कायदाही नव्हता, त्या काळात लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या गोळा केल्या आणि सहा वर्षांत रविवार मिळवला. आपल्या हाती राज्यघटनेची दोन कलमे आहेत, भोपाळनंतर मिळालेले हक्क आहेत, आणि साडेबारा टक्क्यांची लढाई जिंकलेला हा तालुका आहे. तळोज्यातल्या एका कारखान्यात जरी यंदा निवडून आलेली सुरक्षा समिती बसली आणि तिच्या पहिल्या बैठकीत सांडपाण्याचा विषय निघाला, तर ही दोन वचने पन्नास वर्षांनी का होईना, एका टेबलावर येतील. ते काम आपण सगळ्यांनी मिळून करू या.